‘ऑइल कूल्ड’ नेमके कशाला म्हणायचे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गव्हाची मळणी महिन्यावर आली आहे. इंदूरच्या बाजारात सध्या पंपाचे इंजिन, तण काढायचा पॉवर वीडर, थ्रेशरला जोडायचे डिझेल इंजिन, काहीही विचारले तरी दुकानदाराचे एक वाक्य ठरलेले असते : ‘ऑइल कूल है, पानी का झंझट ही नहीं.’ सांवेर-देपालपूरकडचा शेतकरी त्यातून ‘पाणी बघायला नको, म्हणजे काहीच बघायला नको’ असा अर्थ काढून घरी जातो. त्या वाक्याचा दुसरा भाग बहुतेक वेळा खरा असतो, पहिला बहुतेक वेळा खोटा. आणि शेतकऱ्याने काढलेला अर्थ मात्र दरवेळी चुकीचा. यात इंजिने जातात, म्हणून हे पत्र.

‘ऑइल कूल्ड’ हा शब्द आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट चिकटवला जातो. पहिली म्हणजे साधे एअर कूल्ड इंजिन, ज्याच्या बाजूला एक छोटा ऑइल कूलर बसवलेला असतो. सिलिंडर आणि त्याच्यावरचे झाकण म्हणजे हेड इथे फिनांवरून, म्हणजे अंगावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून, वाहणाऱ्या वाऱ्यानेच थंड होतात, कूलर फक्त चेंबरमधल्या, म्हणजे तळच्या टाकीतल्या, तेलाचा ताप उतरवतो. दुसरी गोष्ट म्हणजे पिस्टनच्या पोटाखाली तेलाची धार मारणारे जेट. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातही असतात आणि हवेने थंड होणाऱ्याही, तेवढ्यावरून इंजिन ऑइल कूल्ड ठरत नाही. तिसरी खरी : जिथे पाण्याऐवजी तेलच लायनरभोवती (सिलिंडरच्या आतल्या नळीभोवती) आणि हेडमधल्या वाटांतून फिरते आणि मग रेडिएटरसारख्या कूलरमध्ये जाऊन निवते. जर्मन डॉइट्झची १०११ आणि २०११ ही इंजिनमालिका या जातीची. (काही गिऱ्हाईक ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकातले तेलात बुडालेले ब्रेक वाचून ‘हा ऑइलवाला आहे ना?’ असे विचारतात. त्या तेलाचा इंजिनाशी काडीचा संबंध नाही.)

ओळखायला अवघड नाही. सिलिंडरवर बोटभर लांबीच्या फिनांची उतरंड दिसत असेल, तर इंजिन एअर कूल्ड, मग डब्यावर काहीही छापलेले असो. सिलिंडरची बाजू सपाट, फिन नाहीत, पाण्याचे झाकण नाही, दोन जाड नळ्या कूलरकडे गेलेल्या आणि तेल त्याच ताकदीच्या पाण्याच्या इंजिनापेक्षा जास्त मावणारे, असे असेल तर खरे ऑइल कूल्ड. पॉवर वीडरवरच्या चिनी धाटणीच्या इंजिनांचे तर नावच सगळे सांगते. ‘१७८ एफ’ म्हणजे एक सिलिंडर, ७८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), आणि ‘एफ’ हे अक्षर हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे. ‘१८६ एफ’ म्हणजे तसेच, बोअर ८६. यांना ‘ऑइल कूल’ म्हणून विकणे म्हणजे बैलाला घोडा म्हणणे. बैल वाईट नसतो, पण त्याला घोड्यासारखे हाकले की बसतो.

आता एअर कूल्ड इंजिन आपल्या माळव्याच्या उन्हात टिकते का, हा नेहमीचा प्रश्न. टिकते, आणि त्याचे कारण बहुतेकांना उलटे वाटते. उष्णता बाहेर जाते ती तापलेली वस्तू आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकाने. रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर, ऑइल कूलरमधले तेल ११० वर आणि फिन १६० वर आहे असे धरा. हवा २५ अंशांची असते तेव्हा हे फरक ६५, ८५ आणि १३५ अंश. एप्रिल-मेमध्ये हवा ४३ वर गेली की उरतात ४७, ६७ आणि ११७. म्हणजे उन्हाळ्याने पाण्याच्या इंजिनाची थंड होण्याची ताकद सुमारे २८ टक्क्यांनी घटली, तेलाच्या इंजिनाची २१ आणि हवेच्या इंजिनाची जेमतेम १३ टक्क्यांनी. उन्हाचा सर्वांत कमी त्रास एअर कूल्डला होतो. जुने एक सिलिंडरचे एअर कूल्ड आयशर ट्रॅक्टर वर्षानुवर्षे शेतात चालले ते उगाच नाही.

मग एअर कूल्ड इंजिने बसतात कशाने? भुशाने. आणि भुशाला चिकटवून धरणाऱ्या तेलाने.

एक फट डोळ्यांसमोर आणा. दोन फिनांमधली जागा काही मिलिमीटरांची. टॅपेट कव्हरचे गॅस्केट कडक झाले आहे, किंवा पुशरॉडच्या नळीच्या तळाचे रबरी सील गेले आहे. तिथून दिवसाला चार थेंब तेल हेडवरून फिनांवर उतरते. नुसता कोरडा भुसा असता तर वाऱ्याबरोबर निघून गेला असता, पण तेलकट फिनेवर तो बसतो. त्यावर काळ्या मातीची धूळ, त्यावर पुन्हा भुसा. आठ दिवसांत ती फट काळ्या पापडाने बंद होते आणि तापून विटेसारखी कडक होते. सिलिंडरची पंख्याकडची बाजू अजून बरी असते, पाठीमागची बाजू तापत राहते. एकच सिलिंडर एका अंगाने थंड आणि दुसऱ्या अंगाने गरम झाला की तो गोल राहत नाही. रिंगा एका बाजूला घासतात, तेल वर चढते, निळा धूर येतो आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. असे इंजिन उघडले की पिस्टनवर ओरखडे बहुतेक वेळा पंख्याच्या उलट बाजूलाच सापडतात. मेकॅनिक नवा पिस्टन, नवी रिंग, नवा सिलिंडर टाकून देतो. चार थेंबांचे गॅस्केट तसेच राहते. पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

म्हणून मळणीआधी करायचे काम असे. इंजिन पूर्ण गार असताना पत्र्याचे काउलिंग सोडवा. आधी गळती कुठून आहे ते शोधून गॅस्केट आणि सील बदला, सफाई नंतर. बांबूच्या कामटीने किंवा लाकडी पट्टीने पापड मोकळा करा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, ओतीव फिन वाकत नाही, तुटते. मग कंप्रेसरची हवा पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारा, सुलट मारली की भुसा आणखी आत ठासला जातो. नुसत्या डिझेलने धुऊन तसेच सोडू नका. डिझेलचा तवंग राहतो आणि पहिल्याच दिवशी धूळ धरतो. तेलकटपणा काढणारे क्लीनर लावून पाण्याने धुवायचे, तेही गार इंजिनावर, फिल्टरचे तोंड आणि सायलेन्सरचे तोंड बांधून. नंतर रिकामे चालवून वाळवायचे. तापलेल्या हेडवर बादली ओतणारे महाभाग अजून आहेत. हेडला तडा जायला तेवढे पुरते.

काउलिंग परत बसवणे हा त्याच कामाचा भाग आहे. ‘उघडे राहिले तर जास्त हवा लागेल’ ही समजूत इतकी पसरली आहे की निम्म्या जुन्या इंजिनांचे पत्रे गोठ्याच्या छपरावर सापडतील. पंख्याची हवा फिनांच्या अरुंद फटीतून जावी म्हणूनच तो पत्रा आहे. पत्रा काढला की हवा सोपी वाट धरून बाजूने निघून जाते आणि सिलिंडरची पाठ उपाशी राहते. पत्र्याचा एक बोल्ट तुटला म्हणून पडलेली दोन बोटांची फटसुद्धा बुजवायला हवी. बेल्टवर चालणारा ब्लोअर असेल तर बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबून साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. पंखा फ्लायव्हीलवरच असेल तर बेल्टची चिंता नाही, पण पात्यांच्या मुळाशी आणि समोरच्या जाळीत काड अडकते. मळणी चालू असताना दर दोन तासांनी, चहाच्या वेळी म्हणा, इंजिन थांबवून जाळी हाताने पुसायची. भुसा अडवायला जाळीवर गोणपाट बांधू नये, त्याने भुसाही अडतो आणि हवाही. थ्रेशरच्या भुशाचा झोत वाऱ्याच्या दिशेने जाईल आणि इंजिनाचे तोंड मोकळ्या बाजूला राहील अशी मांडणी पहिल्या दिवशी केली की अर्धे काम होते.

पंपाच्या खोलीचे एक गणित सांगतो. किर्लोस्करचे टीएएफ-१ हे एअर कूल्ड इंजिन घ्या : एक सिलिंडर, ६६१ सीसी, मिनिटाला १५०० फेऱ्यांना ४.४ किलोवॅट ताकद. पूर्ण भारावर त्याच्या फिनांवाटे साधारण तेवढीच, म्हणजे चारेक किलोवॅट उष्णता बाहेर पडते असे धरले आणि हवा ४० अंशांनी तापू दिली, तर मिनिटाला सहा घनमीटरच्या आसपास हवा लागते. सहा बाय सहा फुटांची, आठ फूट उंच खोली म्हणजे आठ घनमीटर. म्हणजे दार लावून घेतले तर दीड मिनिटात इंजिन खोलीतली सगळी हवा एकदा पिऊन टाकते आणि त्यानंतर स्वतःचीच गरम हवा पीत बसते. चोरीच्या भीतीने खोली बंद ठेवायची असेल तर समोरासमोर दोन जाळ्या हव्यात, आणि गरम हवा निघते त्या बाजूला पत्र्याची नळकांडी भिंतीबाहेर काढायला हवी.

छोट्या एअर कूल्ड इंजिनावर तापमानाचा काटा नसतो, त्यामुळे कान आणि नाकच काटा. भार तोच असताना फेऱ्या पडू लागणे, रंग जळल्याचा वास, ठोक्याचा आवाज, गरम झाल्यावर मंद चालीत ऑइलचा दिवा लुकलुकणे. अशा वेळी लोक घाबरून आधी इंजिन बंद करतात. चूक. पंखा थांबला की हेडमधली साठलेली उष्णता जागच्या जागी राहते आणि गुल होऊ घातलेले सील नक्की जाते. भार काढा, तीन ते पाच मिनिटे मंद चालू द्या, मग बंद करा. याला दोनच अपवाद आहेत : ब्लोअरचा बेल्ट तुटला असेल, किंवा तेलाचा दाब गेला असेल. तेव्हा एक सेकंदही थांबायचे नाही, बंद करायचे.

एअर कूल्डमध्ये तेलाला दुहेरी काम पडते हेही लक्षात राहत नाही. पाण्याचे कवच नाही, त्यामुळे पिस्टन आणि बेअरिंगची बरीच उष्णता तेलातूनच चेंबरच्या पत्र्यापर्यंत पोचते. १७८ एफमध्ये तेल मावते जेमतेम १.१ लिटर, १८६ एफमध्ये १.६५. पाव लिटर कमी पडले तर छोट्या इंजिनातले जवळजवळ पाव हिस्सा तेल गेले. उरलेले तेवढ्यानेच जास्त तापते. तेलाचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून या इंजिनांत सपाट जागेवर उभे करून रोज डिपस्टिक बघायची, नव्या इंजिनाचे पहिले तेल २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलायचे. माळव्याच्या उन्हाळ्याला १५-डब्ल्यू-४० दाटपणाचे तेल चांगले. इंदूरच्या सियागंज बाजारात सुटे मिळणारे बिनानावाचे तेल ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्येसुद्धा घालू नये, इथे तर नकोच.

खऱ्या ऑइल कूल्ड इंजिनाची गोष्ट निराळी. त्याचे फायदे खरे आहेत. तेल १०० अंशांना उकळत नाही, त्यामुळे झाकण उडून वाफ येण्याचा प्रकार नाही. गंज नाही, क्षार नाही, हेड गॅस्केट गेले तरी तेलात पाणी मिसळून बेअरिंग जाण्याची भीती नाही. फिनांच्या इंजिनापेक्षा आवाज कमी. पण तेल हे पाण्याइतके चांगले वाहक नाही. एक लिटर पाणी एका अंशाला जेवढी उष्णता उचलते, तेवढी उचलायला तेल जवळजवळ अडीच लिटर लागते. म्हणून तेल जास्त, पंप मोठा, आणि तेल बदलण्याचा खर्चही जास्त. हा खर्च वाचवायला गेलेला माणूस इंजिनच घालवतो, कारण इथे एकच द्रव दोन कामे करतो. पाण्याच्या इंजिनाची होजनळी फुटली तर वाफ दिसते, काटा चढतो, आणि बेअरिंगला तेल मिळत राहते. तुम्हाला थांबायला वेळ मिळतो. ऑइल कूल्डची कूलरकडे जाणारी नळी फुटली की थंड करणारे आणि वंगण एकदमच जमिनीवर. दाबाचा दिवा लागला आणि ‘बांधापर्यंत नेऊन थांबवू’ म्हटले की क्रँक गेलाच म्हणून समजा. त्या नळ्यांना भेगा, घासल्याच्या खुणा, क्लँपजवळ ओल दिसली तर हंगामाआधी बदलाव्यात, हंगामात नव्हे.

तेल बदलतानाही एक गोम आहे. चेंबरचा नट उघडून निघते ते सगळे तेल नव्हे, कूलर आणि नळ्यांमध्ये बरेच मागे राहते. पुस्तकात एकूण मापही असते आणि बदलीचे मापही. एकूण माप वाचून ओतले की तेल जास्त होते, क्रँक ते घुसळतो, फेस येतो आणि तापमान उलट वाढते. बदलीच्या मापाला थोडे कमी ओतायचे, दोन-तीन मिनिटे मंद चालवायचे, बंद करून तेल खाली उतरू द्यायचे, मग डिपस्टिक बघून वरच्या खुणेपर्यंत आणायचे. आणि एकदा बेअरिंग गेलेले इंजिन बांधून घेत असाल तर कूलर बदला, निदान उलटसुलट नीट धुऊन घ्या. बेअरिंगचा चुरा कूलरच्या अरुंद वाटांत बसलेला असतो, तो नव्या बेअरिंगमध्ये येतो. ‘दोन महिन्यांत पुन्हा क्रँक गेला, मिस्त्रीने फसवले’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हा जुना कूलर असतो.

डिपस्टिकवर तेल वाढलेले दिसले तर आनंद मानू नये. डिझेल फवारणारा नोझल गळका असला तर तो किंवा फीड पंपाचा फाटलेला पडदा डिझेल तेलात सोडतो. ब्लॉटिंग पेपरवर गरम तेलाचा एक थेंब टाका, काही तास राहू द्या. मध्ये काळा डाग राहून बाहेर फिकट, पसरट कडे उमटले तर डिझेल मिसळले आहे. मधला डाग कडेपर्यंत गच्च काळा असेल तर काजळी. दोन्ही वेळा तेल बदला, पण पहिल्या वेळी आधी कारण दुरुस्त करा. ऑइल कूल्डमध्ये पातळ तेल म्हणजे वंगणही गेले आणि थंडावाही.

इंजिन तापते म्हणून थंड करणाऱ्या भागालाच दोष देण्याआधी नोझल तपासा. वर सांगितलेल्या टीएएफ-१ सारख्या इंजिनात नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडतो आणि पिस्टन वर पोचायला क्रँकच्या फिरण्याचे २३ अंश उरले असताना डिझेल सुटते. दाब पडला, थेंब गळू लागले किंवा वेळ मागे सरकली की तेवढेच डिझेल उशिरा जळते आणि ताप हेडला लागतो. काळा धूर काढत थ्रेशरमध्ये पेंढ्या कोंबणाऱ्याने तर कूलिंगबद्दल बोलूच नये. फेऱ्या वाढवायला पुली बदलण्याची युक्तीही त्याच जातीची.

पाण्याच्या इंजिनाबद्दल थोडेच. ‘पग पग नीर’वाल्या माळव्यात आता बोअरवेलचे क्षाराचे पाणी आहे, आणि तेच सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जाकिटात फिरवले की आत खपली धरते. दुसरी चूक उलट टोकाची : पंपाच्या डिलिव्हरीतून थेट विहिरीचे गार पाणी इंजिनातून सोडून देतात. हात लावला तर इंजिन थंडगार, मालक खूश. पण फार गार सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, खर्च वाढतो आणि लायनर लवकर झिजतो. व्हॉल्व्ह थोडा आवळून बाहेर पडणारे पाणी चांगले कढत येऊ द्यावे.

विकत घेताना माझे मत असे. पाणी उपसायला आणि वीडरला एअर कूल्ड उत्तम, दुरुस्तीला सोपे; दोन-तीन सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर आणि हेड सुटे असल्याने एकच बदलता येते. रोज आठ-आठ तास भुशात चालायचे असेल आणि सफाईला माणूस नसेल तर पाण्याचे घ्या. खरे ऑइल कूल्ड तेव्हाच घ्या, जेव्हा त्याच्या नळ्या, फिल्टर आणि कूलर इंदुरातच मिळत असल्याची खात्री आहे. ट्रॅक्टर घेत असाल तर नर्मदेकाठच्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागा. त्यात ४३ अंशांच्या आसपासच्या गरम हवेत घेतलेल्या चाचणीचे आकडे असतात. इंजिन ऑइल किती तापले आणि ताकद किती पडली, एवढ्या दोन ओळी वाचल्या तरी पुरे. आणि दुकानात ‘ऑइल कूल’ ऐकले की तीन प्रश्न विचारा : तेल सिलिंडरभोवती फिरते का, एकूण किती लिटर मावते, आणि कूलरच्या नळीची किंमत काय.

आपला,
कृषी यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातला एक वाचक,
इंदूर